कॅम्पर व्हॅनला उघडत्या खिडक्या बसवताना: एक प्रकरण अभ्यास

साताऱ्यातील एका निवृत्त दांपत्याने उंच छपराची, पत्र्याच्या बंद बाजूंची एक व्हॅन राहण्याजोगी करून घेतली होती. ट्रॅव्हलर किंवा विंगर यांच्या वर्गात मोडणाऱ्या या गाडीची नोंदणी खासगी वापराची कॅम्पर व्हॅन म्हणून रीतसर झालेली होती. आत मागच्या बाजूला आडवा पलंग, उजवीकडे चालकाच्या आसनामागे छोटा ओटा, डावीकडे सरकता दरवाजा आणि छपराला पंखा बसवलेले ४०० बाय ४०० मिलिमीटरचे झाकणाचे भोक अशी मांडणी होती. डाव्या बाजूच्या मागील भागात एक मोठी न उघडणारी काच होती, मागच्या दोन्ही दारांना काचा होत्या आणि उजवी बाजू पूर्णपणे पत्र्याची होती. म्हणजे उजेड भरपूर, पण दरवाजा लावल्यावर बाहेरची हवा आत येण्यास छपराच्या भोकाखेरीज वाट नाही, असे या गाडीचे रूप होते. पावसाळ्यात मालवणच्या बाजूला आणि त्यानंतरच्या थंडीत पाचगणीला मुक्काम केल्यावर त्यांनी मला गाडी दाखवली. काकांचा आग्रह खिडक्या उघडत्या करण्याचा होता, तर काकूंची एकच अट होती की पाऊस पडत असताना उठून खिडकी बंद करावी लागता कामा नये. पुढील बहुतेक निर्णय या अटीतून निघाले, म्हणून ती आरंभीच नोंदवतो.

तक्रार एकाच वाक्यात सांगितली गेली होती, 'आत कोंदट होते', पण मालवणचा कोंदटपणा आणि पाचगणीचा कोंदटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय खिडकी कोठे व किती मोठी हवी हे ठरत नाही. झोपलेला माणूस श्वास आणि त्वचा यांवाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे दोन माणसांच्या एका रात्रीच्या झोपेतून अर्ध्या लिटरपेक्षा अधिक पाणी त्या दहा-बारा घनमीटर हवेत मिसळते. स्वयंपाकाचा गॅस जळतानाही पाणीच तयार होते; एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो वाफ निर्माण होते, आणि भातातून, चहातून निघणारी वाफ याखेरीज. पाचगणीला आतील हवा २० अंशांवर आणि तिची आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली, की साडेसोळा अंशांच्या आसपास थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. बाहेर दहा अंश असताना एकेरी काचेची आतील बाजू त्याहून बरीच थंड असते, त्यामुळे सकाळी काचेवरून ओघळ येतात आणि गादीची कड भिजते. येथे बाहेरची हवा थंड असली तरी तिच्यात पाणी कमी असते, म्हणून थोडीशी हवा सतत बदलत राहिली तरी प्रश्न सुटतो.

मालवणला तसे नाही. तेथे पावसाळ्यात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. ती आत घेऊन गाडी कोरडी होणार नाही. तेथे खिडकीचे काम अंगावरून वारा वाहू देणे एवढेच असते, कारण घाम वाळण्यासाठी हवा हलती लागते. याचा अर्थ असा, की पाचगणीसाठी बोटभर फट पुरेशी आहे, मालवणसाठी मोठे उघडे क्षेत्र हवे आहे आणि तेही धो-धो पावसात उघडे राहणारे हवे आहे. वातानुकूलन यंत्र बसवून हा प्रश्न सोडवण्याचा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. परंतु समुद्रकिनारी एकेरी काचेच्या गाडीत ते चालवले तर दव काचेच्या बाहेरून धरते, आणि वीजजोडणी नसलेल्या जागी बॅटरीवर ते रात्रभर चालवणे हा वेगळाच खर्च आहे. तो विषय आम्ही तेथेच सोडून दिला.

खिडक्यांचे प्रकार आपल्याकडे प्रत्यक्षात दोनच मिळतात. पहिली बसला असते तशी ॲल्युमिनियमच्या चौकटीतील सरकती काच. ती पत्र्याच्या पातळीत बसते, बाहेर काही येत नाही, कडक केलेली सुरक्षा काच वापरता येते आणि तालुक्याच्या गावीही तिचे काम जाणणारा मिस्त्री भेटतो. तिचे दोष असे की उघडे क्षेत्र निम्मेच मिळते, खालच्या खाचेत धूळ साचते आणि पाऊस आडवा आला की ती बंद करावी लागते. दुसरी परदेशी कॅरॅव्हॅनमध्ये सर्रास दिसणारी, वरच्या कडेला बिजागरी असलेली आणि खालून बाहेर उघडणारी दुहेरी ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक कडक प्लास्टिकची खिडकी. ती उघडली की स्वतःच छपरी बनते, त्यामुळे सरळ पडणारा पाऊस आत येत नाही. दोन पापुद्र्यांमधील हवेमुळे तिच्यावर दव उशिरा धरते. आतील चौकटीत डासांची जाळी आणि पडदा गुंडाळलेला येतो. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट तर ॲक्रिलिकची जेमतेम १.२ पट, म्हणून ती हलकीही असते. मात्र तिच्यावर चरे लवकर पडतात, सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, ती उघडी विसरून गाडी हलवली तर झाडाची फांदी किंवा शेजारचा ट्रक तिचा निकाल लावतो, आणि तिला बसण्यासाठी भिंतीला पुरेशी जाडी लागते.

काकूंच्या अटीनुसार दुसरा प्रकार सर्वत्र लावावा असे प्रथमदर्शनी वाटेल. पण डाव्या बाजूला सरकता दरवाजा मागे जातो तेव्हा तो नेमका त्या मोठ्या काचेवरून जातो. तेथे बाहेर उघडणारी खिडकी लावली आणि ती चार बोटे जरी उघडी राहिली, तरी दरवाजा ओढणारा माणूस ती मुळापासून उपटणार. बंद असली तरी तिची बाहेर येणारी चौकट दरवाज्याच्या आतील बाजूला घासण्याची शक्यता होती. म्हणून डावीकडील काच काढून त्याच भोकात सरकती खिडकी आणि उजवीकडे पत्रा कापून दोन नव्या ॲक्रिलिकच्या खिडक्या, एक ओट्याजवळ ७०० बाय ४०० मिलिमीटरची आणि एक पलंगाच्या उशाकडे ७०० बाय ३०० मिलिमीटरची, असे ठरले. दोन प्रकार मिसळल्याने गाडी थोडी विजोड दिसते, हे खरे आहे. रस्त्यावरच्या गाडीत दिसण्यापेक्षा दरवाज्याचा मार्ग महत्त्वाचा, असे माझे मत आहे आणि ते मी त्यांना तसेच सांगितले.

पत्र्याला करवत लावण्यापूर्वी कागदपत्रांचा विचार झाला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि गाडीच्या मूलभूत स्वरूपात फरक पाडणारा रचनेतील बदल म्हणजे फेरफार, असे त्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. खिडकी हा मूलभूत बदल नव्हे असा युक्तिवाद करता येतो, पण तो अपघातानंतर विमा कंपनीसमोर करण्याची वेळ येऊ नये. म्हणून मूळ बांधणी करणाऱ्याकडून सुधारित आराखडा घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा केली, उत्तर आल्यावर विमा कंपनीला कळवले आणि मगच पुढे गेलो. मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहण्याजोग्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वाहनउद्योगाचे स्वतंत्र मानक आहे. नव्याने बांधणी करणाऱ्याने खिडक्यांचा निर्णय मंजुरीपूर्वीच आराखड्यात घ्यावा, कारण नंतर तो घेणे किती त्रासाचे आहे हे या दांपत्याच्या फायलीची जाडी सांगते. काळ्या फिल्मचा प्रश्न मात्र उद्भवला नाही, कारण आतून पडदे होतेच.

जागा निश्चित करण्यात अपेक्षेपेक्षा अधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. गाडीची बाजू बाहेरून सलग पत्रा दिसते, पण आतून उभ्या-आडव्या पोलादी पट्ट्यांचे गाळे असतात, आणि त्यातील उभा खांब किंवा छपराखालची आडवी पट्टी कापणे म्हणजे गाडीच्या हाडाला हात घालणे होय. आतील अस्तर आणि उष्णतारोधक थर काढून गाळ्यांची मापे घेतली तेव्हा उशाकडील खिडकी पलंगाच्या मध्यावर नव्हे, तर थोडी मागेच बसू शकते हे लक्षात आले. उंचीबाबत दुसरी अडचण होती. व्हॅनची बाजू वर जाताना आत झुकते आणि बाहेर किंचित फुगीरही असते, तर ॲक्रिलिकच्या खिडकीची चौकट सपाट असते. पत्र्यावर उभी सरळ पट्टी धरून पाहिले, तर आधी ठरवलेल्या जागी ४०० मिलिमीटर उंचीत टोकांपाशी सुमारे पाच मिलिमीटरची पोकळी येत होती. तीच पट्टी साठ मिलिमीटर खाली सरकवल्यावर पोकळी दोन मिलिमीटरवर आली. दोन मिलिमीटर सीलंटच्या, म्हणजे फट बुजवणाऱ्या चिकट पदार्थाच्या, थरात सामावतात. पाच सामावत नाहीत, कारण मग मिस्त्री स्क्रू आवळून पत्रा ओढून घेतो, चौकट पिळवटते, आणि काही महिन्यांनी कोपऱ्यातून पाणी सुरू होते. खिडकी खाली घेतल्याने उशाच्या बाजूची हवाही नेमकी अंगावरून जाऊ लागली, कारण तेथील खिडकीची खालची कड गादीच्या पृष्ठभागापासून वीतभरच वर राहिली.

ओट्याजवळची खिडकी शेगडीच्या थेट वर न ठेवता बाजूला ठेवली. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि वाऱ्याने ज्योत विझण्याचा धोका वेगळाच. येथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण खिडकी झाली म्हणजे गॅसची काळजी मिटली असा समज काकांचाही होता. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खिडकीतून बाहेर जात नाही, जमिनीवर पसरतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारे छिद्र असलेच पाहिजे, आणि ते कोणत्याही कारणाने बुजवता कामा नये. शिवाय जळणाऱ्या शेगडीसाठी कायम उघडी राहणारी हवेची वाट हवी, खिडकी उघडण्याची आठवण राहण्यावर ती अवलंबून असू नये.

कापण्याचे काम बघणाऱ्याला सर्वांत भीतिदायक वाटते, पण नीट आखले असेल तर ते अवघड नाही. गाळ्याच्या आतून चार ठिकाणी बारीक भोके पाडून ती बाहेरून जोडली, म्हणजे पट्ट्यांपासूनचे अंतर चुकत नाही. आडवी रेघ पाणसळीने न ठरवता गाडीच्या अंगावरील मूळ घडीच्या रेघेला समांतर घेतली, कारण उभ्या असलेल्या जागेचा उतार पाणसळीत येतो आणि पुढे आयुष्यभर डोळ्याला खुपतो. कोपऱ्यांना खिडकीच्या गोलाईप्रमाणे वळण दिले. जिगसॉला, म्हणजे उभ्या पात्याच्या विजेच्या करवतीला, पातळ पत्र्यासाठीचे बारीक दातांचे, इंचाला चोवीस दातांचे पाते लावले, यंत्राच्या तळाला आणि पत्र्याला चिकटपट्टी लावली म्हणजे रंगावर ओरखडे उठत नाहीत, आणि आतून लाकडी पट्ट्या शिकंज्याने धरल्या, नाहीतर पत्रा थडथडून पाते तुटते.

खरे काम त्यानंतरचे. कापताना उडणारे लोखंडाचे गरम कण रंगात रुततात आणि पहिल्याच दमट रात्री त्यांचे तांबूस ठिपके होतात. ते छपरावर, बंपरच्या खाचेत, दाराच्या रबरात कोठेही सापडतात. म्हणून आधी आत-बाहेर जुन्या चादरी बांधल्या आणि नंतर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक फिरवले. पिशवी उलटी केली की कण सुटतात, चुंबक स्वच्छ राहते. कापलेली कड कानशीने घासून, पुसून, तिच्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग दिला. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे रेड ऑक्साइडचा डबा आणला होता. घरच्या ग्रिलला तो ठीक आहे, पण समुद्रकिनारी जाणाऱ्या गाडीच्या उघड्या कडेवर, जेथे पुन्हा ब्रश पोहोचणार नाही, तेथे एकट्या रेड ऑक्साइडवर भिस्त ठेवणे मला पटत नाही. प्रायमर पूर्ण वाळेपर्यंत पुढचे काम थांबवले. या थांबण्यावरून थोडी कुरबुर झाली.

भिंतीची जाडी भरण्यासाठी भोकाभोवती आतून चौकट लागते, कारण खिडकीचे बाहेरचे आणि आतले असे दोन भाग एकमेकांना स्क्रूने ओढून मधली भिंत चिमटीत धरतात. मधे पोकळी राहिली तर पत्रा आत खेचला जातो. साधे लाकूड पावसाळ्यात फुगते म्हणून आयएस ७१० दर्जाच्या मरीन प्लायच्या पट्ट्या घेतल्या, सर्व कडांना इपॉक्सी पाजला आणि त्या पत्र्याला लवचीक पॉलियुरेथेन गोंदाने चिकटवल्या. येथे लवचीकपणाला कारण आहे. सकाळी आणि दुपारच्या उन्हात पत्र्याच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने ७०० मिलिमीटर लांबीचे पोलाद सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढते, पण तेवढेच ॲक्रिलिक जवळजवळ दोन मिलिमीटर वाढते. दोन पदार्थ इतक्या वेगळ्या गतीने वाढत असतील तर त्यांना कडक गोंदाने जखडणे म्हणजे त्यातील एकाला तडा जाण्याची तारीख ठरवणे आहे.

सीलंटबाबतही हाच विचार होता. बाजारात सर्वांत सहज मिळणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळले, कारण सुकताना त्यातून सुटणारे आम्ल पत्र्याला गंजवते आणि त्याचा अंश राहिलेल्या जागी पुन्हा रंग धरत नाही. चिमटीत बसणाऱ्या चौकटीसाठी कधीच न कडकणारे ब्युटिल हे रबरासारखे चिकट सीलंट वापरले, जे उद्या खिडकी काढावी लागली तर ओढून निघते. आपल्या उन्हात ते पहिले काही आठवडे मऊ पडून कडेने बाहेर येते. त्याला घाबरून स्क्रू करकचून आवळू नयेत. हाताने समोरासमोरचे स्क्रू थोडे-थोडे आवळावेत, उन्हात गाडी ठेवून पुन्हा एकदा पाहावे आणि बाहेर आलेले ब्युटिल प्लास्टिकच्या पट्टीने काढावे.

हे बाहेर आलेले ब्युटिल काढतानाच एक नुकसान झाले. रंगकाम करणाऱ्या मुलाने त्याचे डाग पुसण्यासाठी फडक्यावर थिनर घेतला आणि ओट्याजवळच्या नव्या खिडकीची कड पुसली. काचेला काही झाले नसते. ॲक्रिलिकमध्ये मात्र घडवतानाचा ताण साठलेला असतो, आणि थिनर किंवा स्पिरिट लागताच त्या ताणाच्या जागी केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते, जे पुसून किंवा घासून जात नाही. भेगा कडेलाच होत्या म्हणून तावदान बदलले नाही, पण त्यानंतर त्या दोन्ही खिडक्यांवर 'फक्त साबणाचे पाणी' अशी मराठीतली चिठ्ठी चिकटवली. ती आजही आहे.

गळती झाली ती मात्र या नव्या खिडक्यांना नव्हे, डावीकडील सरकत्या खिडकीला, जिच्याविषयी सर्वांना सर्वाधिक भरवसा होता. जूनमधल्या आंबोलीच्या मुक्कामात, जेथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, खिडकी पूर्ण बंद असतानाही तिच्या खालच्या कडेवरून पाणी आत आले आणि पलंगाच्या पायथ्याकडील प्लाय भिजला. खिडकी बसवणाऱ्या मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा ते आत्मविश्वासाने म्हणाले, "साहेब, आणखी काय करायचे? फ्रेमला खाली भोके होती, ती मी त्याच दिवशी सिलिकॉनने बुजवली होती. पाणी यायला जागाच ठेवली नाही." निदान येथेच झाले, पण ते मिस्त्रींना पटवून द्यावे लागले.

सरकत्या खिडकीची खालची खाच पाण्याने भरणार हे तिच्या रचनेतच गृहीत धरलेले असते. काचेवरून ओघळलेले पाणी ब्रशसारख्या केसाळ पट्टीतून खाचेत उतरते. ती पट्टी वारा आणि धूळ अडवते, पाणी अडवत नाही. म्हणून खाचेच्या बाहेरील भिंतीला तळाशी निचऱ्याची छिद्रे असतात, ज्यांतून ते पाणी पत्र्यावर बाहेर पडते. कौलारू घराला पागोळ्या गळतात म्हणून कोणी वळचण लिंपून घेत नाही. तसेच हे आहे. छिद्रे बुजल्यावर खाच हौदासारखी भरली, आणि खाचेची आतील भिंत बाहेरीलपेक्षा जेमतेम एक-दीड सेंटिमीटर उंच असल्याने, वाऱ्याचा दाब आला की पाणी तिच्यावरून आत सांडले. मिस्त्रींची चूक अज्ञानाची नव्हती. पाण्याच्या टाकीला लागू पडणारा नियम त्यांनी येथे लावला होता, इतकेच.

छिद्रे मोकळी केल्यावर बहुतेक गळती थांबली, पण सगळी थांबली नाही. तेव्हा नळीने तपासणी केली. अशा तपासणीत पाणी वरून टाकले की ते सगळीकडे पसरते आणि काहीच कळत नाही. म्हणून खालच्या कडेपासून आरंभ करून, प्रत्येक उंचीवर दहा मिनिटे धार धरून, एक माणूस आत बॅटरी घेऊन बसवून, हळूहळू वर जावे लागते. गाडी सपाट जागेवर असताना एक थेंबही आला नाही. काकूंनीच मग आठवण करून दिली की आंबोलीला गाडी उताराला, नाक खाली करून उभी होती. जॅकने मागची बाजू उचलून तीच तपासणी केली तेव्हा उत्तर मिळाले. चौकटीला छिद्रे दोनच होती, दोन्ही मध्याजवळ. गाडी पुढे झुकली की खाचेतले पाणी पुढच्या कोपऱ्यात जमते, जेथे छिद्र नाही, आणि कोपऱ्याच्या जोडातून आत उतरते. बसमध्ये हा दोष कधी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बस उतारावर रात्रभर मुक्कामाला थांबत नाही आणि तिच्या खिडकीखाली गादी नसते. दोन्ही कोपऱ्यांपाशी, खाचेच्या अगदी तळाला लागून, नवी छिद्रे पाडली, त्यांवर धूळ आणि वारा आत घुसू नये म्हणून खाली तोंड असलेल्या छोट्या टोप्या बसवल्या, आणि कोपऱ्याचा जोड आतून सील केला. चौकटीच्या वर, पत्र्यावर, एक वाकडी पन्हळपट्टीही चिकटवली. तिची दोन्ही टोके खिडकीच्या बाहेर दोन बोटे नेली, म्हणजे छपरावरून येणारे पाणी खिडकीवर न येता बाजूने उतरते. भिजलेला प्लाय बदलताना चौकटीच्या आतील खालच्या कडेला मुद्दाम सीलंट लावले नाही. पुन्हा कधी पाणी आलेच तर ते अस्तरामागे न साचता दिसले पाहिजे, नाहीतर गंज लागल्यावरच कळते.

अशा तपासणीत आणखी एक फसगत संभवते, आणि ती वगळूनच पुढे जावे. छपराच्या भोकातून झिरपलेले पाणी आतील पट्ट्यांवरून वाहत जाऊन खिडकीच्या कोपऱ्यात टपकते आणि दोष खिडकीच्या माथी येतो. येथे छपरावर वेगळी धार धरून ती शक्यता आधीच बाजूला काढली होती.

वापराविषयी थोडे. छपरावरचा पंखा हवा बाहेर फेकत असताना सगळ्या खिडक्या उघडल्या तर हवा पंख्याला सर्वांत जवळच्या खिडकीतून येते आणि झोपलेल्या माणसाला काहीच लागत नाही. फक्त उशाकडील खिडकी उघडी ठेवली तर तीच हवा डोक्यावरून, अंगावरून जाते. पंख्याचा वेग निम्मा ठेवूनही हा फरक जाणवतो. डासांची जाळी लावली की वारा बराच मंदावतो, आणि किनाऱ्यावर जाळीशिवाय झोपणे शक्य नाही, म्हणून ३०० मिलिमीटर उंचीची खिडकी कागदावर मोठी वाटली तरी प्रत्यक्षात पुरेशीच आहे, जास्त नाही. ॲक्रिलिकच्या खिडक्यांना बोटभर फट ठेवून कडी अडकवण्याची सोय असते. पाचगणीच्या थंडीत तेवढ्याने काचा कोरड्या राहिल्या. या फटीच्या स्थितीत गाडी चालवू नये, कारण वाऱ्याच्या ओढीने कडीवर ताण येतो आणि पुढच्या चाकांनी उडवलेले पाणी फटीतून आत येते. उघड्या खिडकीसह गाडी निघू नये म्हणून दोन्ही चौकटींत छोटे स्विच बसवून चालकासमोर एक तांबडा दिवा दिला. वायरिंगचे ते काम अर्ध्या दिवसाचे होते आणि माझ्या मते संपूर्ण खर्चातील सर्वांत योग्य खर्च तोच होता. पावसात मुक्काम करताना उजवी बाजू वाऱ्याच्या आडोशाला येईल अशी गाडी लावायची, हे काकूंनी स्वतःच ठरवून टाकले आहे. कोकणात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसात याचा अर्थ साधारणतः गाडीचे नाक वायव्येला ठेवणे असा होतो.

काम संपत असताना काकांनी मागच्या दारांच्या काचाही उघडत्या करून घ्याव्यात असा विचार मांडला. हवा समोरून येऊन मागून जाईल, हे त्यांचे म्हणणे गाडी उभी असताना बरोबर आहे. पण चालत्या गाडीच्या पाठीमागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि रस्त्याची धूळ व स्वतःच्याच इंजिनाचा धूर तो ओढून घेतो. मागची खिडकी थोडीही उघडी राहिली किंवा तिचे रबर सैल पडले, तर ते दोन्ही थेट गादीवर येतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने हा धोका केवळ अस्वच्छतेचा राहत नाही. शिवाय मागची दारे दिवसातून अनेकदा आपटली जातात आणि त्या धक्क्यांनी बिजागऱ्या व चौकटींचे स्क्रू सैल होतात. म्हणून त्या काचा जशा होत्या तशाच बंद ठेवल्या, त्यांची जुनी झालेली रबरे तेवढी बदलली आणि आतल्या बाजूने कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र पलंगाच्या उंचीवर लावले.